मराठीच्या शिक्षकांना तंत्रज्ञान मराठीच्या तासातूनच शिकवा

प्रति,
सातारा जिल्ह्यातील शिक्षक-प्रशिक्षणाची आखणी करणारे अधिकारी, विषयतज्ज्ञ आणि शिक्षणसंस्थांचे चालक यांस

विषय : भाषाशिक्षकांचे तंत्रज्ञान-प्रशिक्षण भाषेच्या तासाला धरून व्हावे, याबाबत.

मा. महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार. मी खटाव तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत आठवी ते दहावीच्या वर्गांना मराठी शिकवते. आमच्याकडे मोठा डिजिटल फळा आहे, संगणक कक्ष आहे, इंटरनेटही बहुतेक दिवस चालते. डिजिटल फळ्याच्या खोलीबाहेर आठवड्याचा तक्ता लावलेला असतो. कोणाला कोणत्या तासाला खोली हवी, ते आदल्या शनिवारी त्यात लिहायचे. विज्ञान, भूगोल, गणित यांचे रकाने भरतात. मराठी, हिंदी, संस्कृतचे रकाने मात्र बरेच आठवडे कोरेच राहतात. आजूबाजूच्या शाळांतल्या भाषेच्या शिक्षकांशी बोलले, तर तिथेही थोड्याफार फरकाने हेच ऐकायला मिळते. या कोऱ्या रकान्यांबद्दल आपल्याशी बोलायचे आहे.

‘भाषावाल्यांना तंत्रज्ञानाचे वावडेच असते’ असे बैठकांमध्ये सहज बोलले जाते. मला ते मान्य नाही. हेच शिक्षक मोबाइलवरून वीजबिल भरतात, पालकांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सांभाळतात, यू-डायस या शासकीय नोंदणीत शाळेची माहिती भरायला रात्री उशिरापर्यंत मुख्याध्यापकांच्या शेजारी बसतात. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा यांनीच कविता चालीवर म्हणून, मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून मुलांना पाठवल्या. ज्या घरात फोन एकच आणि तोही दिवसभर वडिलांबरोबर रानात, तिथे रात्री जेवणानंतर पाठवल्या. हात चालतात. घोडे अडते ते वर्गात, चाळीस मुलांसमोर, आणि तेही स्वतःच्याच विषयाच्या तासाला.

आमच्या शाळेतले एक ज्येष्ठ सर आहेत. अभंग शिकवायला लागले की शेजारच्या वर्गातली मुलेही कान देऊन बसतात. एकदा व्याकरणाच्या तासाला त्यांनी मुलांना डिजिटल फळ्यासमोर नेले आणि पडद्यावरच्या कळफलकावर एक साधे वाक्य लिहायला घेतले. वाक्यात ‘दुसऱ्या’ हा शब्द होता. सरांनी र दाबला, हलन्त शोधून काढला, य दाबला. पडद्यावर आले ‘दुसर्या’. पुसले, पुन्हा केले, पुन्हा तेच. मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला, ‘‘सर, मी करू का?’’ त्यालाही जमले नाही. वर्ग थोडा हसला. त्यात वाईट हेतू नव्हता, मुले हसतातच. सरांनी पडदा बंद केला, मुलांना परत वर्गात आणले आणि खडूने तोच शब्द फळ्यावर लिहिला, नेहमीच्या सुंदर अक्षरात. त्यानंतर तक्त्यात त्यांचे नाव दिसले नाही.

यात नेमके काय बिघडले, याचा आपण विचार करावा. वर्षानुवर्षे ज्याने वह्यांतला प्रत्येक चुकीचा रफार लाल शाईने दुरुस्त केला, त्याच्या हातून चुकीचा रफार भिंतीएवढा मोठा होऊन वर्गासमोर लटकला. भूगोलाच्या शिक्षकाचा नकाशा उघडला नाही, तर वर्ग यंत्राला दोष देतो. मराठीच्या शिक्षकाचा शब्द चुकला, तर दोष शिक्षकाकडे जातो. निर्दोष शब्द हीच भाषेच्या शिक्षकाची वर्गातली पत असते. ती पणाला लावून कोण यंत्रापुढे उभे राहील?

आणि उपाय केवढासा होता! संगणकातल्या इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या कळफलकावर शिफ्ट धरून इंग्रजी ‘जे’चे बटण दाबले की ऱ उमटतो. मग ‘डी’च्या बटणावरचा हलन्त, मग य. झाला ‘दुसऱ्या’. शिफ्टबरोबर ५, ६, ७ आणि ८ हे आकडे दाबले की ज्ञ, त्र, क्ष, श्र एकेका बोटात मिळतात. कळफलकाच्या डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला बहुतेक व्यंजने आहेत, हे एकदा सांगितले की वर्णमाला शिकवणाऱ्या माणसाला ती मांडणी आपलीच वाटते. पण आम्ही ज्या-ज्या प्रशिक्षणांना बसलो, तिथे हे कोणी दाखवले नाही. तिथे सादरीकरण कसे तयार करायचे ते शिकवले गेले, आणि नमुन्याची स्लाइड इंग्रजीत होती.

फाँटचीही तीच कथा. जिल्ह्यात आजही कित्येक चाचण्यांच्या कृतिपत्रिका जुन्या फाँटमध्ये टंकित होतात. त्या फाँटमध्ये मराठी अक्षराचे केवळ चित्र असते. संगणकाच्या आत इंग्रजी चिन्हांचेच क्रमांक साठवलेले असतात. तो फाँट दुसऱ्या यंत्रात नसला की आतली चिन्हे उघडी पडतात आणि वाचणाऱ्याला कागदभर कचरा दिसतो. शिक्षिका बिचारी समजते, आपणच काहीतरी बिघडवले. वास्तविक युनिकोड या जगभर चालणाऱ्या पद्धतीत देवनागरीच्या मूळ अक्षरांना स्वतःचे क्रमांक आहेत, आणि तेही १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून. युनिकोडमध्ये लिहिलेले मराठी मोबाइलवर, संगणकावर, ई-मेलमध्ये, कुठेही मराठीच राहते. एवढे एक जरी प्रत्येक भाषाशिक्षकाला नीट कळले, तरी ‘मला संगणक जमत नाही’ हे वाक्य निम्म्या वेळा उच्चारले जाणार नाही. कारण जे जमत नव्हते, त्यात तिचा दोष नव्हताच.

आता आत्मविश्वासाबद्दल. आपल्याकडे तो भाषणाने येतो, असा एक समज आहे. उद्घाटनाला कोणीतरी म्हणते, ‘काळाबरोबर बदला, तंत्रस्नेही व्हा’, टाळ्या होतात आणि आम्ही घरी जातो. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये या विषयाची मांडणी केली. एखादे काम आपल्याला जमेल ही खात्री माणसात कुठून येते, याची चार उगमस्थाने त्याने सांगितली : स्वतः करून जमल्याचा अनुभव, आपल्यासारख्याच माणसाला ते करताना पाहणे, दुसऱ्याने दिलेला भरवसा, आणि त्या वेळची शरीर-मनाची अवस्था, म्हणजे घाम फुटतो की मन शांत राहते. यांत सर्वांत बळकट उगम पहिला, स्वतः करून जमल्याचा. आपली बहुतेक प्रशिक्षणे तिसऱ्यावर उभी आहेत. पहिल्या दोहोंसाठी त्यांत जागाच नसते.

एका प्रशिक्षणाची गोष्ट सांगते. मोठे सभागृह, शंभरावर शिक्षक, एक प्रोजेक्टर आणि एक माईक. तज्ज्ञ मार्गदर्शक हुशार होते, पण वेगाने पुढे जात होते. ‘इथे क्लिक करा, मग इथे’ असे ते म्हणत, तेव्हा क्लिक करायला कोणाच्याही समोर यंत्र नव्हते. दुपारी चहानंतर प्रमाणपत्रांची लिंक ग्रुपवर आली. ऑनलाइन प्रशिक्षणांचे तर विचारूच नये. व्हिडिओ एका बाजूला चालू असतो, दुसऱ्या बाजूला तव्यावर भाकरी असते, आणि चाचणीची उत्तरे चाचणीच्या आधीच ग्रुपवर फिरत असतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची संधी मिळावी, असे म्हटले आहे. धोरण चांगले आहे. पण तास भरले म्हणजे माणूस तयार झाला असे होत नाही, हे आपणही जाणता.

या जिल्ह्याला ही गोष्ट नवीन नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्थेचे रोपटे लावले. पुढे गावोगाव शाळा काढायच्या तर त्यात उभे राहणारे शिक्षक आधी घडवले पाहिजेत, हे ओळखून १९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षकांसाठी अध्यापक विद्यालयही सुरू केले. शाळेआधी शिक्षकाचा विचार, असा तो क्रम होता. आपण मात्र फळे आधी बसवले. त्यांच्यासमोर उभे राहणाऱ्याची तयारी कशी करायची, हे ठरवायचे राहून गेले.

भाषेच्या तासाला या यंत्राचे काय काम, असाही प्रश्न काही ज्येष्ठ सहकारी मनापासून विचारतात. त्याचे उत्तर द्यायलाच हवे. नाहीतर उद्या आम्हाला कवितेची स्लाइड करून वाचायला लावले जाईल आणि कविता मरेल.

नववीच्या वर्गात आम्ही जात्यावरच्या ओव्या घेतल्या. मुलांनी आपापल्या आजीला ओवी म्हणायला लावली आणि मोबाइलवर आवाज घेतला. काही आज्या लाजल्या, काहींना एकदा सुरुवात केल्यावर थांबवावे लागले. वर्गात तो आवाज मोठ्याने लावला, आणि मग फोनच्या बोलून लिहिण्याच्या सोयीपुढे तीच ओवी एका मुलीने जशीच्या तशी म्हटली. मराठीसाठी ही सोय २०१७ पासून मोफत मिळते. ‘माज्या’, ‘न्हाई’, ‘व्हता’ अशा शब्दांपाशी यंत्र अडखळले आणि भलतेच लिहू लागले. मुलांना चेव चढला. एकेक ओळ दुरुस्त करायला घेतली आणि वाद सुरू झाला : ‘व्हता’चे ‘होता’ करायचे का? एक मुलगा म्हणाला, ‘‘आजी तसं म्हणलीच नाही, मग कसं लिहायचं?’’ शेवटी वर्गाने ठरवले की ओळीत आजीचा शब्द ठेवायचा आणि खाली प्रमाण रूप द्यायचे. बोली आणि प्रमाणभाषा हा घटक मी अनेक वर्षे शिकवते. मुले त्यावर इतकी तावातावाने बोललेली मी एरवी पाहिलेली नाहीत. पुढच्या तासाला ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या ग्रामीण जीवनाच्या नोंदी जपणाऱ्या संकेतस्थळावरच्या ओव्या ऐकवल्या. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून गोळा केलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा तो प्रकल्प आहे. आपल्या आजीची ओवी जगात कुठेतरी जपण्यासारखी गोष्ट मानली जाते, हे मुलांनी तिथे स्वतःच्या कानांनी ऐकले.

त्या तासाला हिंदीच्या मॅडम मागे येऊन बसल्या होत्या. कोणी सांगितले नव्हते, त्यांचा तो तास मोकळा होता. पंधरवड्याने त्यांनी लोकगीतांचा तास तसाच घेतला आणि बोलून लिहिणे कुठे चालू करायचे एवढेच एकदा विचारायला आल्या. बांडुराचे दुसरे उगमस्थान म्हणतात ते हे. सभागृहातल्या तज्ज्ञाकडे पाहून ‘ते करतात, त्यांना येते’ एवढेच वाटते. शेजारच्या वर्गातल्या बाईकडे पाहून ‘मग मलाही येईल’ असे वाटते.

दहावीचेच बघा. २०१८ मध्ये आलेल्या कुमारभारती या मराठीच्या पाठ्यपुस्तकापासून पत्रलेखनाच्या आराखड्यात ई-मेल आला. आमची मुले ई-मेलचा पत्ता निळ्या पेनने उत्तरपत्रिकेत सुबक लिहितात आणि गुण मिळवतात. त्यांतल्या बहुतेकांनी मराठीतून एकही ई-मेल कधी कोणाला पाठवलेला नसतो. ग्रामपंचायतीला, एसटीच्या आगारप्रमुखांना, वीज कार्यालयाला मराठीत खरे पत्र टंकित करून पाठवणे हा उपयोजित लेखनाचाच भाग आहे. त्याला वेगळा डिजिटल उपक्रम लागत नाही. शिक्षकाला स्वतःला ते सहज यावे लागते, एवढेच. वाईत बसून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी ज्या मराठी विश्वकोशाच्या खंडांचे संपादन केले, ते खंड आता संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. वाई आमच्याच जिल्ह्यात. तरी मुलांना माहिती शोधायला सांगितली की ती पहिली सापडेल ती इंग्रजी किंवा भाषांतरित पाने उतरवून आणतात. विश्वकोशातली नोंद कशी शोधायची आणि कशी वाचायची, हे मराठीच्या शिक्षकाने शिकवायचे नाही तर कोणी?

कृत्रिम बुद्धिमत्तेने तर हा विषय उद्यावर ढकलता येणार नाही असा केला आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले, आणि निबंधाच्या वह्यांत ते कधी पोहोचले ते कळलेही नाही. पावसावरच्या एका निबंधात ‘हिरवीगार वनराई’ आणि ‘धरतीला मिठी मारणारे थेंब’ होते. आमचा भाग दुष्काळी. मी कोणाला रागावले नाही. निबंध पडद्यावर लावला आणि मुलांना विचारले, यातले कोणते वाक्य आपल्या गावात घडूच शकत नाही? मुलांनी वनराईला पहिली रेघ मारली. मग एकाने सांगितले, वळीव पडून गेला की त्याचे वडील बांधावर जाऊन माती मुठीत दाबून बघतात, वाफसा आला का ते. ते वाक्य आम्ही निबंधात घेतले. यंत्राने लिहिलेल्या मराठीत काय खोटे आहे, कुठे भाषांतराचा वास येतो, कुठे शब्द बरोबर पण माणूस नाही, हे ओळखायला मराठीचा शिक्षक लागतो. जिल्ह्यात कृत्रिम बुद्धिमत्तेवर जेव्हा-जेव्हा कार्यशाळा होते, तेव्हा निमंत्रण मात्र विज्ञान आणि संगणकाच्या शिक्षकांनाच जाते.

म्हणून माझ्या मागण्या सांगते. त्यांतल्या बहुतेकांना पैसा लागत नाही.

भाषाशिक्षकांना तंत्रज्ञान भाषेच्याच शिक्षकाने शिकवावे. प्रत्येक तालुक्यात असे दोन-चार शिक्षक निश्चित आहेत. ते शोधायचे तर प्रमाणपत्रे न पाहता त्यांचा तास पाहावा. प्राथमिककडे आसपासच्या शाळा मिळून झालेल्या केंद्राच्या शिक्षण परिषदा ठरलेल्या असतात. आम्हा माध्यमिकच्या भाषाशिक्षकांनाही तशी चार-पाच शाळांची मिळून एक नेमाची जागा हवी. पंधरा-वीस जण, प्रत्येकाच्या हातात यंत्र, एका बैठकीला एकच गोष्ट. एकदा फक्त मराठी टंकलेखन. एकदा फक्त आवाज ध्वनिमुद्रित करून वर्गात ऐकवणे. बैठक संपण्याआधी प्रत्येकाने ते स्वतः करून पाहिलेले असावे, आणि पुढच्या बैठकीला येताना आपल्या वर्गात काय झाले ते सांगावे, फसले असेल तर तेही.

सरावाला वेळ द्यावा. शाळा सुटल्यावर संगणक कक्षाला कुलूप लागते, कारण किल्ली असलेल्यांची एसटी असते. आठवड्यातून एक मोकळा तास भाषाशिक्षकांच्या सरावासाठी वेळापत्रकातच धरला, तर मुलांच्या आधी आपले आपण चुकून पाहता येईल. माझ्या मते ही सर्वांत महत्त्वाची मागणी आहे. सरांना त्या दिवसाआधी रिकाम्या खोलीत अर्धा तास मिळाला असता, तर ‘दुसऱ्या’ तिथेच सुटला असता.

निदान एक वर्ष यातल्या कशाचेही फोटो मागू नयेत. फोटो, लिंक, अहवाल, ‘आजच्या आज भरावे’ हे आले की शिक्षक फोटोपुरता फळा चालू करतो आणि फोटो निघाला की बंद करतो. चुकण्याची मुभा आणि पुराव्याची सक्ती या दोन्ही गोष्टी एका वेळी नांदत नाहीत.

पाटण आणि जावळीच्या डोंगरातल्या, कोयनेच्या पाण्याच्या कडेच्या शाळांचा वेगळा विचार व्हावा. तिथे पावसाळ्यात वीजही जाते आणि रेंजही. त्यांच्यासाठी जे काही तयार होईल, ते इंटरनेटशिवाय चालणारे असावे. शासनाच्या दीक्षा या शैक्षणिक अ‍ॅपवरचा मजकूर आधी उतरवून ठेवता येतो, हेही अनेकांना अजून कोणी करून दाखवलेले नाही.

आणि भाषेच्या परीक्षेत, प्रशिक्षणात, बैठकीत जे कागद आपल्याकडून येतात, ते युनिकोडमध्ये यावेत. परिपत्रकाचे धूसर छायाचित्र ग्रुपवर आले, तर त्यातला शब्दही शोधता येत नाही. वरूनच नीट टंकित केलेली मराठी आली, तर खालच्यांना तिची सवय होईल.

यातले काही करून पाहायचे ठरले, तर सुरुवात आमच्या शाळेपासून करता येईल. आमच्या मुख्याध्यापकांशी मी बोलले आहे, त्यांची हरकत नाही. गुरुवारी तिसऱ्या तासाला नववीचा मराठीचा वर्ग डिजिटल फळ्याच्या खोलीत असतो. आपण कधीही यावे आणि मागच्या बाकावर बसावे. आधी कळवण्याची गरज नाही. येताना तालुक्यातले आणखी दोन-तीन मराठीचे शिक्षक बरोबर आणावेत, एवढी विनंती.

आपली,
एक मराठी शिक्षिका
ता. खटाव, जि. सातारा